‘आधी मनावर घ्या’ हे वैद्यकीय मत नव्हे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एक बाजू म्हणते, ही सरळसरळ पळवाट आहे. जिभेवर ताबा ठेवला आणि अंग हलवलं तर धडधाकट पोटावर सुरी चालवायची वेळच येत नाही. दुसरी बाजू म्हणते, शरीर ज्याचं त्याचा निर्णय; डॉक्टर अडवणारे कोण? आवेश दोन्हीकडे भरपूर. पण ज्या माणसावरून हे सगळं चाललंय, त्याचा प्रश्न या गदारोळात कुणाच्याच कानावर पडत नाही. अनेक वर्षं वजनाशी झगडून, महिनोनमहिने विचार करून तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलेला असतो. ‘डॉक्टर, बॅरिॲट्रिक सर्जरी माझ्यासाठी योग्य ठरेल का?’ एवढंच त्याने विचारलेलं असतं. उत्तर येतं, ‘त्या फंदात कशाला पडता? आधी जरा मनावर घ्या.’ त्याने एक वैद्यकीय प्रश्न विचारला होता आणि तो अनुत्तरितच राहिला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. शस्त्रक्रियेला नाही म्हणण्याचा डॉक्टरांना पूर्ण अधिकार आहे. काही वेळा तर ते त्यांचं कर्तव्यच असतं. मात्र तो नकार वैद्यकीय असायला हवा. म्हणजे या रुग्णाचं हृदय, त्याचं यकृत, त्याची मानसिक अवस्था, त्याची औषधं हे सगळं पाहून दिलेला, आणि शस्त्रक्रिया न केल्यास पुढे काय वाढून ठेवलंय त्याच्याशी तुलना करून दिलेला. माणसाच्या मनोनिग्रहाबद्दलचं स्वतःचं मत सल्ल्याच्या आवरणात देणं हा नकार नव्हे. ती रुग्णाच्या स्वभावावर केलेली शेरेबाजी आहे, आणि तिची किंमत रुग्ण आपल्या आयुष्याच्या वर्षांनी मोजतो.

हे म्हणताना मी डॉक्टरांची भीती हलक्यात घेत नाही. तिच्यामागे इतिहास आहे. १९५४ पासून लहान आतड्याचा फार मोठा भाग वगळून अन्नाचा मार्ग आखूड करणारी एक शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन झपाट्याने उतरायचं. पण त्यामागून सततचे जुलाब, मूतखडे, क्षारांची कमतरता आणि यकृत निकामी होण्याचे प्रकार आले. काही रुग्ण दगावले, अनेकांची आतडी पुन्हा पहिल्यासारखी जोडावी लागली आणि १९८० च्या दशकापर्यंत ती पद्धत मोडीत निघाली. पोटाभोवती बसवायचा पट्टा असाच एकेकाळी गाजला. पुढे तो असंख्य लोकांच्या पोटातून काढावा लागला. औषधांची कहाणीही वेगळी नाही. हृदयाच्या झडपांना इजा होते असं दिसल्यावर फेनफ्लुरामिन हे वजन घटवण्याचं औषध १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं. वजनाच्या उपचारांत ज्याने इतक्या वेळा तोंड पोळलेलं पाहिलंय, त्याने ताकही फुंकून पिणं साहजिक आहे.

आजच्या शस्त्रक्रियाही निर्धोक नाहीत. टाके घातलेल्या जागी गळती होऊ शकते, रक्ताच्या गाठी होऊ शकतात. गॅस्ट्रिक बायपासनंतर, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडल्यावर, गोड खाल्लं की घाम फुटणं, छातीत धडधडणं असा त्रास अनेकांना होतो. स्लीव्हनंतर, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी केल्यावर, काहींना छातीतली जळजळ कायमची मागे लागते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची काळजी आयुष्यभर वाहावी लागते. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. आत्महत्येचं प्रमाणही शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये जास्त आढळलंय, आणि ही बाब जाहिरातीतल्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंमध्ये कुठेच दिसत नाही.

यात आणखी एक मुद्दा आहे आणि माझ्या मते तो विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. सर्जनला रुग्ण भेटतो तो पहिल्या वर्ष-दीड वर्षात, वजन उतरत असताना, आनंदात. पाचव्या वर्षी रक्तक्षय झाला, हातापायाला मुंग्या येऊ लागल्या, वजन पुन्हा चढू लागलं की तोच रुग्ण येऊन बसतो नेहमीच्या डॉक्टरांसमोर. यश एकाच्या डोळ्यांसमोर घडतं आणि गुंतागुंत दुसऱ्याच्या. त्यामुळे नेहमीचे डॉक्टर जास्त सावध असतात, याला मी पूर्वग्रह म्हणणार नाही. तो त्यांचा खरा अनुभव आहे.

पण हे सगळे मुद्दे पुन्हा एकदा वाचून पाहा. यातला एक तरी मुद्दा ‘आधी मनावर घ्या’ या उत्तराकडे नेतो का? गळतीचा धोका असेल तर तो किती, हे सांगायला हवं. व्यसनाची भीती असेल तर रुग्णाला त्याबद्दल विचारायला हवं. जीवनसत्त्वांची काळजी असेल तर तपासण्यांचं वेळापत्रक ठरवायला हवं. प्रत्येक खऱ्या भीतीतून पुढचं बोलणं निघतं. बोलणं तिथेच मिटवून टाकणारं वाक्य येतं ते दुसरीकडून.

कुठून येतं, हे पाहायला थोडं मागे जाऊ. १८४७ मध्ये एडिंबरात जेम्स यंग सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली आणि वाद पेटला. फिलाडेल्फियाचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज विरोधात उभे राहिले. त्यांच्या विरोधात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. एक, भूल देताना जीव जाऊ शकतो. दोन, प्रसूतीच्या वेदना नैसर्गिक आणि हितकारक आहेत, त्या टाळू नयेत. पहिली गोष्ट शंभर टक्के खरी होती. १८४८ च्या जानेवारीतच इंग्लंडमध्ये पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेली १५ वर्षांची मुलगी दगावली. पण खऱ्या धोक्याचं पुढे काय झालं? जॉन स्नो या इंग्लिश डॉक्टरांनी मात्रेचा काटेकोर अभ्यास केला, वाफ मोजून देणारी उपकरणं बनवली, आणि १८५३ मध्ये त्यांनीच राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला. धोका धोका म्हणून मांडला गेला, म्हणून त्याच्यावर काम करता आलं. दुसऱ्या आक्षेपावर मात्र कुणाला काम करता येणार होतं? वेदना सोसणं हेच चांगलं, या मताला कोणतं उपकरण पुरं पडणार? एकाच माणसाच्या तोंडी वैद्यकीय आक्षेप आणि नैतिक आक्षेप एकत्र आले की नैतिक आक्षेपाला वैद्यकीय आक्षेपाचा मान फुकटात मिळतो. वजनाच्या शस्त्रक्रियेबाबत आज नेमकं हेच होतंय. ‘पळवाट’ हा शब्द धोक्याबद्दल काहीच सांगत नाही. कष्टाने मिळालं तरच ते खरं, एवढंच तो सांगतो.

बरं, कष्टांबद्दल तरी आपल्याला काय ठाऊक आहे? वजन घटलं की शरीर गप्प बसत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातली भुकेशी निगडित संप्रेरकं मोजली गेली. वर्षभरानंतरही ती मूळपदावर आलेली नव्हती. भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि तृप्तीची खूण देणारं लेप्टिन उतरलेलं होतं. २०१६ मध्ये अमेरिकन संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ज्यांनी सगळ्या जगासमोर घाम गाळला, त्यांनी मनावर घेतलं नव्हतं असं कोण म्हणेल?

प्रयत्नांची सर्वांत चांगली आवृत्ती पाहायची तर अमेरिकेतला ‘लुक अहेड’ हा अभ्यास पाहावा. मधुमेह असलेले ५,१४५ लोक, त्यातल्या निम्म्यांना वर्षानुवर्षं आहारतज्ज्ञ, व्यायामाचं मार्गदर्शन, नियमित भेटी असा पाठिंबा मिळाला. असा पाठिंबा सामान्य रुग्णाला स्वप्नातही मिळत नाही. पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन उतरलं. अभ्यासाच्या शेवटी उरलेली घट ६ टक्के होती. त्याचा फायदा झालाच. तंदुरुस्ती वाढली, औषधं कमी लागली, झोपेतला श्वासाचा त्रास घटला. हालचाल आणि आहार निरुपयोगी आहेत असं म्हणणाऱ्याशी माझं अजिबात जमणार नाही. पण ज्याच्या सांध्यांना, श्वासाला आणि साखरेला २५-३० टक्के घट हवी आहे त्याला ६ टक्क्यांचा उपाय पुन्हा सांगणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय हा माणूस पहिल्यांदाच प्रयत्न करायला आलेला नसतो. ‘आधी प्रयत्न करा’ यातलं ‘आधी’ तो कधीच ओलांडून आलाय. एकच उपचार चार वेळा फसल्यावर पाचव्यांदा तोच लिहून द्यायचा आणि फसल्याचं खापर रुग्णावर फोडायचं, हे आपण दुसऱ्या कुठल्या आजारात खपवून घेऊ?

शस्त्रक्रिया म्हणजे नुसती जठराची पिशवी लहान करणं, हा समजही आता टिकत नाही. बायपासनंतर जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं जास्त स्रवतात. कित्येक मधुमेहींची साखर तर वजन फारसं उतरण्याच्या आतच, काही दिवसांत सुधारते. अमेरिकन सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये हे अनुभव सविस्तर मांडले, तेव्हा त्यांनाही त्याचं नवल वाटलं होतं. ज्या भुकेशी माणूस इच्छाशक्तीने लढत होता, ती भूकच शस्त्रक्रिया बदलते. त्यानंतरही खाणंपिणं, गोळ्या, तपासण्या यांची शिस्त आयुष्यभर लागतेच. मग यात पळून कोण जातंय?

आता तुलनेकडे येतो, कारण हा वाद सगळ्यात जास्त तिथे बिघडतो. ‘ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो’ हे वाक्य खरं आहे आणि अर्धवट आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू ०.३ टक्के होते. हा आकडा लहान वाटो की मोठा, तो एकटा काहीच सांगत नाही. शस्त्रक्रिया न करताही माणूस जगतोच आहे, आणि त्या जगण्याचाही धोका आहे. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात सुमारे ४,००० लोक होते. निम्म्यांची शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. २००७ पर्यंत शस्त्रक्रिया झालेल्या गटातले मृत्यू सुमारे पाव हिश्शाने कमी भरले. २०२० च्या विश्लेषणात त्यांचं आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त निघालं, आणि सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा मात्र साडेपाच वर्षांनी कमी. उत्साही समर्थक पहिला आकडा सांगतात आणि दुसरा गाळतात; भेटीला आलेल्या माणसाला दोन्ही कळायला हवेत.

यावर कुणी म्हणेल, त्या अभ्यासात कुणावर शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही गट मुळातच वेगळे असू शकतात. बरोबर आहे. त्या काळी शस्त्रक्रियेतले मृत्यू जास्त असल्यामुळे तशी परवानगीच मिळाली नव्हती. पण मधुमेहाबाबत चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास पुढे झाले. इटलीतल्या ६० रुग्णांच्या अशा अभ्यासाचा दहा वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३७.५ टक्के लोकांचा मधुमेह दहा वर्षांनंतरही माघारलेला होता, म्हणजे औषधांविना साखर आटोक्यात होती; औषधोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५.५ टक्के. अभ्यास लहान आहे, आणि ३७.५ म्हणजे १०० नव्हे. तरी हा आकडा ज्याच्या कानावर कधी गेलाच नाही, त्याने ‘नको’ हा निर्णय स्वतः घेतला असं म्हणता येईल का?

‘सांगितलं तर लोक मागतील’ ही भीतीही आहे, आणि तिचा निवाडा एका न्यायालयात झालाय. स्कॉटलंडमधल्या मॉन्टगोमेरी खटल्यात आई मधुमेही होती, अंगाने लहानखुरी होती, आणि बाळाचे खांदे अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के होता. डॉक्टरांनी तो सांगितला नाही. सांगितला असता तर बहुतेक बायकांनी सिझेरियनच मागितलं असतं आणि ते त्यांच्या हिताचं नाही, असं त्यांचं मत होतं. बाळाला जन्मभराचं अपंगत्व आलं. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, या रुग्णाला महत्त्वाचे वाटतील असे धोके आणि उपलब्ध असलेले वाजवी पर्याय त्याला कळतील याची काळजी डॉक्टरांनी घेतलीच पाहिजे. त्या निकालाचं कायद्याचं बळ त्याच देशापुरतं. त्यातला विचार मात्र कुठल्याही तपासणीच्या खोलीत लागू पडतो. पर्यायाचं नावच न काढणं हाही रुग्णाच्या वतीने परस्पर घेतलेला निर्णयच आहे.

काही डॉक्टर एक चलाख युक्तिवाद करतात: ज्याला साधा आहार पाळता आला नाही, तो ऑपरेशननंतरची पथ्यं काय पाळणार? ऐकायला पटतं. पण यात भुकेशी हरणं आणि बेशिस्त असणं एकच धरलंय. माणूस सांगितल्याप्रमाणे वागतो का हे जाणून घ्यायचं असेल, तर तो रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतो का, तपासणीच्या तारखा पाळतो का, हे पाहावं. वजनकाटा त्याचं उत्तर देत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ६२० प्राथमिक डॉक्टरांच्या पाहणीत निम्म्याहून अधिकांनी लठ्ठ रुग्णांचं वर्णन बेंगरूळ, कुरूप आणि सल्ला न ऐकणारे असं केलं होतं. असं मत मनात असताना समोरच्याच्या शिस्तीचा अंदाज किती निर्मळ राहणार? रुग्णाला ते मत न बोलताही कळतं. मग तो सर्दी-तापालाही दवाखान्यात जायचं टाळू लागतो.

निकषही बदललेत. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेला नियम बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५ असा होता, आणि पिढ्यानपिढ्या डॉक्टर तोच शिकले. २०२२ मध्ये बॅरिॲट्रिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा खाली आणली: सोबत आजार असो वा नसो, ३५ पासून शस्त्रक्रियेची शिफारस, मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर ३० पासून विचार, आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासूनच पर्याय पुढे ठेवावा. शिफारस सर्जनांनीच केलीय, तेव्हा तिच्याकडे चिकित्सक नजरेने पाहायला माझी हरकत नाही. पण तीस वर्षांपूर्वीच्या आकड्यावर ‘तुम्ही त्यात बसत नाही’ असं सांगून माणसाला परत पाठवणं ही चिकित्सा नव्हे.

‘आता इंजेक्शनं आलीत, मग ऑपरेशन कशाला?’ हे नवं उत्तर मात्र मला बऱ्याच अंशी मान्य आहे. या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडच्या चाचणीत सरासरी सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपेटाइडच्या चाचणीत, मोठ्या मात्रेत, २० टक्क्यांच्या आसपास घट दिसली. कित्येकांसाठी तीच पहिली पायरी योग्य ठरेल. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हेही त्याच वेळी सांगितलं म्हणजे झालं.

शरीर ज्याचं निर्णय त्याचा, असं म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. मागणी केली की शस्त्रक्रिया मिळालीच पाहिजे, हे खरं नाही. अनावर खाण्याचा विकार उपचाराविना असेल, दारूचं व्यसन चालू असेल, नैराश्य दुर्लक्षित असेल, वर्षभरात गर्भधारणेचा विचार असेल, तर ‘आत्ता नको’ म्हणणारे डॉक्टर रुग्णाचे हितचिंतकच असतात. पाच मिनिटांत ‘नाही’ म्हणणारे डॉक्टर आणि पंधरा मिनिटांत तारीख देणारे सर्जन यांचा दोष एकच आहे: दोघांनीही समोरच्या माणसाला तपासलेलं नाही. म्हणून नकार मिळालेल्याने निमूट उठू नये आणि भांडूही नये; विचारावं. माझ्या बाबतीत नेमका धोका कोणता? काहीच न केल्यास पुढच्या दहा वर्षांत काय दिसतंय? तुम्ही सुचवताय त्या उपायाने किती महिन्यांत किती फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढे काय? दुसऱ्या तज्ज्ञांच्या मतासाठी चिठ्ठी द्याल का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि डॉक्टरांकडे माझी मागणी अगदी छोटी आहे. नकार द्यायचा असेल तर त्याचं कारण रुग्णाच्या केसपेपरवर लिहा, आणि त्याखाली पुनर्विचाराची तारीख टाका. स्वीडनच्याच अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा आजार माघारला होता, पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. आणि ज्यांचा मधुमेह शस्त्रक्रियेच्या वेळी नवा होता, त्यांच्यात ते जास्त टिकलं. म्हणजे आज ‘आधी मनावर घ्या’ ऐकून परत गेलेला माणूस सात-आठ वर्षांनी इन्सुलिन घेत त्याच खुर्चीत येऊन बसेल, तेव्हा त्याला देण्यासारखं डॉक्टरांच्या हातात आजच्यापेक्षा कमी उरलेलं असेल.